वजन, वेळ आणि मग बाकीचं : पीआयसीयूच्या संगणकीकरणाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

नव्या हॉस्पिटल सॉफ्टवेअरची पहिली बैठक. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातून (पीआयसीयू) मी आणि इन्चार्ज सिस्टर, शिवाय फार्मसीचे प्रमुख, आयटीतले दोघं आणि कंपनीची मंडळी. व्यवस्थापनाचा जीव पहिल्याच स्लाइडमध्ये अडकला : 'एआय सेप्सिस अंदाज'. सेप्सिस म्हणजे संसर्गाने अवयव बिघडायला लागणं; ते कित्येक तास आधी कळणार म्हणे.

मी तीन प्रश्न विचारले. मुलाचं वजन कुठून उचलता? वेळ मॉनिटरची धरता की सर्व्हरची? आणि सेप्सिस म्हणजे २००५ ची व्याख्या, की यंदा जानेवारीत आलेली? तिसऱ्याला उत्तर मिळालं, "कॉन्फिगर करता येईल मॅडम." पहिल्या दोन्हींना, "तपासून सांगतो." मॉडेल मोठ्या माणसांच्या नोंदींवर शिकवलंय, हे चहाच्या वेळी कळलं.

माझी वाटणी ठरली : सकाळी राउंड, दुपारनंतर हे काम. दारावर 'क्लिनिकल इन्फर्मेटिक्स' अशी पाटी लावू का, असं आयटीने विचारलं. नको म्हटलं. पाटी नसतानाच प्रिंटर अडकला की मला बोलावतात.

कामांचा क्रम : वजन, इन्फ्युजन (पंपाने शिरेतून सतत जाणारं औषध), घड्याळं. सेप्सिस शेवटी. हा क्रम वरच्या मजल्यावर कुणाला आवडलेला नाही.

६ जून

मोठ्यांच्या आयसीयूत वजन ही बऱ्याच नोंदींपैकी एक नोंद. आमच्याकडे ते जवळजवळ प्रत्येक आकड्याच्या पोटात असतं. औषधाचा डोस, सलाइन, व्हेंटिलेटरचा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), लघवी किलोमागे किती झाली, शॉक द्यायचा तर किती जूल. वजन चुकलं की हे सगळे आकडे एकाच दिशेने चुकतात, आणि आपापसांत छान जुळत असल्यामुळे कुणाच्या डोळ्याला खटकत नाहीत.

सिस्टरांबरोबर बसून जुने केसपेपर चाळले. वजन येतं कुठून? ओपीडीच्या कागदावरून. रेफर करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून. आईच्या आठवणीतून : 'मागच्या महिन्यात अंगणवाडीत साडेआठ भरलं होतं.' कॅज्युअल्टीत आईसकट काट्यावर उभं करून, मग आईचं वजा करून. किंवा वयात चार मिळवून दुप्पट, हे सूत्र डोक्यात फिरवून. फाइलवर मात्र सगळी एकाच चेहऱ्याने बसलेली : '९ किलो'.

उंचीवरून वजन सांगणारी ब्रोसलो पट्टी आमच्या क्रॅश कार्टमध्येही (तातडीच्या औषधांची गाडी) आहे. ती अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेली. साधारण दहा किलोच्या पुढे आपल्या मुलांचं वजन ती जास्त सांगते, हे भारतात तपासून झालेलं आहे. घाईच्या वेळी ती वापरूच, पण तो आकडा पट्टीचा आहे हे पुढच्या पाळीला कळलं पाहिजे.

म्हणून मागणी अशी दिली. वजनाच्या रकान्यात तीन गोष्टी लागतील : आकडा, कसा मिळाला (मोजलेलं, सांगितलेलं, अंदाजे), आणि कधी. शिवाय 'डोसचं वजन' वेगळं. ते दाखल करताना ठरवायचं आणि डॉक्टरने मुद्दाम बदलल्याशिवाय बदलायचं नाही. सेप्टिक शॉकमधलं मूल दोन-तीन दिवसांत पाण्याने फुगतं. काटा दीड किलो वाढवेल. त्यामुळे अ‍ॅड्रेनलिन या औषधाचा डोस वाढायचं काही कारण नाही.

७ जून

कंपनीच्या रकान्यात मर्यादा आधीच घातलेल्या निघाल्या, त्या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या वाढीच्या तक्त्यांवरून. आपल्याकडे पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि पाच ते अठरासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे. हे बदलायला ते लगेच तयार झाले.

वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर. त्यांना वय-वजन तक्त्यात उणे तीन एसडीच्या (प्रमाण विचलन) खालचं वजन सॉफ्टवेअरने घ्यायचंच नाही, असं हवं होतं. म्हणजे नंदुरबारहून किंवा मेळघाटातून आलेलं अतितीव्र कुपोषित मूल संगणकात शिरणारच नाही. किंवा शिरेल, पण निवासी डॉक्टर रात्री दोन वाजता खोटं वजन टाकून त्याला आत घेईल. हे दुसरं जास्त धोक्याचं. अडवणूक जितकी कडक, तितक्या पळवाटा जास्त.

आपल्याला पकडायची आहे ती दशांशचिन्हाची घसरण : २.८५ चे २८.५. किंवा एनआयसीयूतून (नवजातांचा अतिदक्षता विभाग) ग्रॅममध्ये लिहून आलेलं २८५० किलोच्या रकान्यात बसलेलं. ठरलं ते असं : वयाच्या मध्यमानाच्या तिप्पटीपुढे किंवा तिसऱ्या हिश्शाच्या खाली असेल तरच अडवायचं. मधल्या पट्ट्यात फक्त विचारायचं, 'पुन्हा काट्यावर घेतलं का?'

११ जून

इन्फ्युजन. या प्रकल्पातला खरा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे, आणि बऱ्याच भारतीय पीआयसीयूंमध्ये, 'सहाचा नियम' चालतो. वजनाच्या सहापट मिलिग्रॅम औषध १०० मिलिमध्ये घातलं की ताशी १ मिलि म्हणजे मिनिटाला किलोमागे १ मायक्रोग्रॅम. ५० मिलिच्या सिरिंजसाठी वजनाच्या तिप्पट. अ‍ॅड्रेनलिनसारख्या कडक औषधाला त्याचा दहावा भाग : वजन गुणिले ०.३ मिलिग्रॅम ५० मिलिमध्ये, मग ताशी १ मिलि म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम. डोकं न चालवता पंपाचा आकडा वाचता येतो. म्हणूनच तो टिकून आहे.

आता साडेसात किलोचं बाळ घ्या. ०.३ गुणिले ७.५ म्हणजे २.२५ मिलिग्रॅम. अ‍ॅम्प्यूल १ मिलिग्रॅमची. सिस्टरने दोन पूर्ण आणि तिसरीतली पाव घ्यायची, तीही इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) संपत आलेला असताना, बीपी पडत असताना. चाळीस किलोच्या मुलाला १२ मिलिग्रॅम, म्हणजे बारा अ‍ॅम्प्यूल फोडायच्या. शिवाय प्रत्येक बेडवरच्या सिरिंजमध्ये वेगळं द्रावण. शेजारच्या बेडची सिरिंज चुकून लागली तर पंपाचा आकडा तोच दिसणार, औषध भलतंच जाणार.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने याच कारणासाठी हा नियम सोडून ठरावीक तीव्रतेची द्रावणं वापरायला लावलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. त्यांच्याकडे औषधांची यादी आत असलेले स्मार्ट पंप आले. आमचे पंप साधे. ताशी किती मिलि एवढंच त्यांना कळतं. मग हुशारी पंपाबाहेर, कागदावर असायला हवी.

१३ जून

फार्मसीत दोन तास. नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या दोन ब्रँडची लेबलं समोरासमोर ठेवली. बायटार्ट्रेट क्षार २ मिलिग्रॅम म्हणजे मूळ नॉरअ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम. लेबलवर दोन्ही असतात, पण ठळक कुठला छापायचा हे ज्याचं तो ठरवतो. औषधांच्या मास्टर यादीत फक्त मूळ औषधाचं वजन राहील; ब्रँड बदलला की फार्मसिस्टने तपासून सही करायची. प्रमुख म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच सांगतोय, पण माझ्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं."

२० जून

तक्ता तयार. अ‍ॅड्रेनलिनच्या तीन तीव्रता, तिन्ही पूर्ण अ‍ॅम्प्यूलच्या : ५० मिलिमध्ये १, २ किंवा ४ मिलिग्रॅम. म्हणजे मिलिमागे २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम.

किलोमागे ०.१ या डोसला पडताळून पाहिलं. तीन किलोच्या बाळाला पहिल्या द्रावणाने ताशी ०.९ मिलि. साडेसात किलोला २.२५. पंधरा किलोला दुसऱ्या द्रावणाने पुन्हा २.२५. चाळीस किलोला तिसऱ्याने ३. ताशी अर्ध्या मिलिच्या खाली जायला नको. एवढ्या कमी वेगाने सिरिंज पंप सुरू केला की औषध रक्तात पोचायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात कुणीतरी डोस वाढवून बसतं. तीन किलोच्या बाळाला ०.०५ द्यायचं तर ०.४५ येतं, म्हणजे रेषेच्या किंचित खाली. नवजातासाठी आणखी पातळ द्रावण ठेवायचं का, यावर एनआयसीयूशी बोलायचं आहे. पातळ केलं तर पाणी जास्त जातं, तेही त्यांना परवडत नाही.

आमच्या ज्येष्ठ सरांचा विरोध आहे. "एक मिलि म्हणजे पॉइंट वन, हे तीस वर्षं हातात बसलंय. पहाटे तीन वाजता मी २.२५ चा हिशोब करत बसू?" मुद्दा बरोबर आहे. उत्तर शिकवण्यात नाही, छापण्यात आहे. मूल दाखल झालं, वजन ठरलं की त्याच मुलाचं पत्रक छापून पंपाच्या खांबाला लटकवायचं : ०.०५ ला किती मिलि, ०.१ ला किती, ०.२ ला किती. पाढा पाठ असण्यापेक्षा भिंतीवर लावलेला बरा. सर पत्रक बघून म्हणाले, "अक्षर मोठं करा." एवढी संमती पुष्कळ.

२७ जून

निवासी डॉक्टरांच्या जर्नल क्लबमध्ये मुद्दाम जुने पेपर काढले.

पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचा २००५ चा पेपर, 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकातला. संगणकावरून ऑर्डर द्यायची पद्धत त्यांनी सहा दिवसांत पूर्ण रुग्णालयात आणली. दुसरीकडून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधीच्या तेरा महिन्यांत २.८० टक्के होतं, नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ झालं. पोरं गप्प झाली. मग कारणं वाचली. मूल रुग्णालयात पोचून नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकताच येत नव्हती. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधं तयार व्हायची. विभागात ठेवलेली औषधं मध्यवर्ती फार्मसीत नेली होती. एका औषधाला कित्येक क्लिक. डॉक्टर आणि नर्स पलंगाजवळून उठून संगणकाजवळ गेले.

सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयाने २००६ मध्ये त्याच प्रकारच्या प्रणालीबद्दल लिहिलं : मृत्यू वाढले नाहीत. स्टॅनफर्डच्या ल्युसिल पॅकार्ड रुग्णालयाने २०१० मध्ये दाखवलं की प्रणाली आल्यानंतर मृत्युदर सुमारे २० टक्के उतरला. म्हणजे संगणक वाईट की चांगला, हा प्रश्नच फिजूल. आधी-नंतर अशा तुलनेतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हेही पोरांना सांगितलं. पण पिट्सबर्गची कारणं वाचताना आमचा वॉर्ड डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे ती यादी मी फुकट घालवणार नाही.

त्यातून आमच्या अटी निघाल्या. 'वाटेत असलेलं मूल' ही नोंद हवी : नाव नसलं तरी चालेल, वय आणि अंदाजे वजन पुरे, आणि त्यावर ऑर्डर देता आली पाहिजे. क्रॅश कार्ट आणि वॉर्डातला औषधसाठा जागचा हलणार नाही. सीपीआर चालू असताना तोंडी ऑर्डर चालेल; नोंद नंतर, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने.

कंपनी म्हणते पहिली अट 'पुढच्या आवृत्तीत'. मी म्हटलं, मग आम्हीही पुढच्या आवृत्तीत.

८ जुलै

घड्याळं. बायोमेडिकलचा मुलगा आणि मी, हातात मोबाइल, सगळी यंत्रं पालथी घातली. चार नंबरच्या बेडचा मॉनिटर अकरा मिनिटं पुढे. रक्तातले वायू मोजणारं गॅस मशीन सहा मिनिटं मागे. एका व्हेंटिलेटरवर तारीखच निराळी. डिफिब्रिलेटर कुठल्या देशाच्या वेळेवर चालतोय ते समजलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं, कारण मावशी ते रोज स्वतःच्या मोबाइलशी जुळवतात.

कागदावर हे खपून जायचं, कारण सिस्टर सगळं एकाच घड्याळाकडे बघून लिहितात. यंत्रं थेट जोडली की प्रत्येकाचं खोटं स्वतंत्रपणे नोंदलं जातं. जोडणीच्या चाचणीत हेच दिसलं : लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) उतरलं आणि मग औषध सुरू झालं. म्हणजे उपचाराआधीच मूल बरं व्हायला लागलं होतं. असल्या नोंदी देऊन मशीनला अंदाज शिकवणार!

दुसरा घोळ कंपनीच्या बाजूचा. मॉनिटरच्या संदेशात मोजल्याची वेळ आणि पाठवल्याची वेळ अशी दोन खाती असतात. यांचं सॉफ्टवेअर दोन्ही सोडून संदेश पोचल्याची वेळ लिहितं. नेटवर्क दहा मिनिटं बसलं तर दहा मिनिटांचे आकडे एकाच क्षणी झालेले दिसतात.

ठरलं : सर्व्हर भारतीय प्रमाणवेळेशी जोडायचा (ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते). ज्या यंत्रांना सर्व्हरवरून वेळ घेता येते त्यांना तशी द्यायची. उरलेल्यांचा फरक बायोमेडिकलने दर सोमवारी मोजून लिहायचा, आणि तो फरक नोंदीबरोबर साठवायचा.

२० जुलै

काल जगभर विंडोजचे संगणक निळे पडले. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं बंद. परदेशातल्या रुग्णालयांनी नियोजित कामं पुढे ढकलली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. आमचं काही अडलं नाही, कारण अजून आमचं काही सुरूच नाही.

पण व्यवस्थापनाला जे मी महिनाभर पटवत होते ते बातम्यांनी एका संध्याकाळी पटवलं. दर तासाला प्रत्येक बेडचं पत्रक एका साध्या, नेटवर्कबाहेरच्या संगणकावर उतरेल आणि शेजारच्या प्रिंटरवर निघू शकेल. कागदी चार्टचे कोरे गठ्ठे कपाटात कायम. मंजुरी आज सकाळी मिळाली.

२५ जुलै

पाऊस. खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्याकडे पाणी शिरलंय. सकाळच्या पाळीतल्या निम्म्या सिस्टर पोचू शकल्या नाहीत, रात्रीच्या तशाच थांबल्या. प्रकल्पाचं काम शून्य.

१४ ऑगस्ट

डेंग्यूने वॉर्ड भरलाय. तरीही सेप्सिसच्या यंदाच्या व्याख्येचे, म्हणजे फिनिक्स, गुण जुन्या केसपेपरांवर लावून पाहिले.

कंपनीला कळावं म्हणून थोडक्यात : २००५ ची व्याख्या ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांच्यावर उभी होती. तापलेलं, रडणारं जवळजवळ प्रत्येक पोर त्यात बसायचं. जानेवारी २०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले फिनिक्स निकष अवयवांकडे बघतात : श्वसनाला ३ पर्यंत, रक्ताभिसरणाला ६, रक्त गोठण्याला २, मेंदूला २ गुण. संसर्गाचा संशय आणि एकूण २ गुण म्हणजे सेप्सिस. त्यात रक्ताभिसरणाचा एक तरी गुण असेल तर सेप्टिक शॉक. यामागे पाच देशांतल्या मुलांच्या तीसेक लाखांहून जास्त नोंदी आहेत : अमेरिका, कोलंबिया, बांगलादेश, चीन, केनिया. भारत त्यात नाही. आणि हे निकष लवकर ओळखण्यासाठी नाहीत, हे ते ठरवणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलंय. अवयव आधीच अडचणीत आलाय, एवढंच ते सांगतात.

आता डेंग्यू. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, १ गुण. आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचं माप) १.३ च्या वर, आणखी १. म्हणजे ताप उतरलेलं, पलंगावर बसून बिस्किट खाणारं, प्लेटलेट साठ हजार आणि आयएनआर १.४ असलेलं पोर 'सेप्सिस' ठरतं. त्याच्या शेजारी हातपाय गार पडलेली मुलगी, बीपी १००/८५. नाडीदाब (वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक) अवघा १५, म्हणजे डेंग्यू शॉक समोर उभा आहे. पण तिचा सरासरी दाब ९०! फिनिक्सच्या तक्त्यात पाच ते बारा वर्षांना ४८ च्या वर सगळं ठीक. लॅक्टेट ५ च्या खाली असेल तर रक्ताभिसरणाला शून्य. प्लेटलेट आणि आयएनआर धरून तिलाही २. खेळणारा आणि बुडणारी, दोघांना सारखेच गुण.

यात फिनिक्सचा दोष नाही. ज्या कामासाठी केलंच नाही त्या कामाला जुंपलं की असंच होणार. पण पुण्यात जुलै ते ऑक्टोबर हा इशारा चालू ठेवला तर दोन आठवड्यांत सिस्टर आवाज बंद करायला शिकतील, आणि पुढे खऱ्या वेळेलाही तो बंदच असेल. मॉनिटरच्या आवाजांचं आधीच तसं झालंय.

डेंग्यूसाठी हवं ते साधं आहे, आणि त्याला एआय लागत नाही. नाडीदाब २० किंवा कमी झाला की सांग. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी चढलं की सांग. तासाला किलोमागे किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली, ते एका पानावर दाखव. चार तासांपूर्वीचं हिमॅटोक्रिट शोधायला आज तीन पडदे उघडावे लागतात. हे एक पान मागितलंय.

१६ ऑगस्ट

कंपनीचं पत्र : मॉडेल 'स्थानिक मुलांवर सुधारण्यासाठी' आमच्या जुन्या नोंदी हव्यात, नावं काढून. नकार लिहिला, कारणांसह. नाव काढल्याने मूल अनोळखी होत नाही. जन्मतारीख, गाव आणि दुर्मीळ निदान एवढं पुरतं. तारखा सरकवायच्या तर वय दिवसांत लागणाऱ्या आमच्या शाखेत फार जपून सरकवाव्या लागतात. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. नियम अजून यायचेत, अंमल बाकी आहे, पण म्हणून आजच घाईने देऊन टाकायचं असं नाही. नीतिमत्ता समितीकडे रीतसर प्रस्ताव येऊ द्या.

निदानांसाठी मात्र स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी वापरायला सांगितलं. भारत २०१४ पासून सदस्य असल्यामुळे ते इथे फुकट आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत. कंपनीने स्वतःचे कोड बनवले होते. 'फिट' आणि 'फिट्स' असे दोन वेगळे!

३ सप्टेंबर

सुरुवातीची तारीख व्यवस्थापनाने ९ सप्टेंबर ठेवली होती, म्हणजे गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी. इन्चार्ज सिस्टर बैठकीत फक्त एवढं म्हणाल्या, "मुली गौरीला घरी जाणार. सॉफ्टवेअर कोण चालवणार, तुम्ही?" तारीख २३ झाली. विसर्जनानंतर सहा दिवस, तोवर रस्तेही मोकळे.

'वाटेत असलेलं मूल' आलं. पुढची आवृत्ती लवकर आली म्हणायची.

२३ सप्टेंबर, सोमवार

सुरू. प्रत्येक पाळीला एक जादा सिस्टर, आयटीचा एक माणूस वॉर्डातच. फक्त पीआयसीयू, बाकी रुग्णालय नंतर. दुपारी पहिलं पत्रक छापलं : अकरा किलो, अ‍ॅड्रेनलिन, दोन मिलिग्रॅमचं द्रावण, ०.१ ला ताशी १.६५. दोन सिस्टरांनी हाताने गुणून पडताळलं, मग लावलं. पहिला आठवडा हे असंच.

२४ सप्टेंबर

लॉगिनला फार वेळ जातो. हातमोजे घालून पासवर्ड टाकता येत नाही, म्हणून सगळे एकाच नावाने काम करतायत. कार्ड टेकवून आत जायची सोय तातडीने हवी. ती येईपर्यंत, जी सिस्टर औषध देते तिचं नाव औषधाच्या ओळीवर वेगळं निवडायचं.

२७ सप्टेंबर

'अंदाजे' वजनावर औषध सुरू असेल तर पत्रकाच्या वर पिवळी पट्टी येते. सिस्टरांनी आपणहून नियम केला : पिवळी पट्टी दिसली की पाळी संपायच्या आत बेड-काट्यावर वजन. हे मागणीत नव्हतं.

सर पत्रकाकडे बघत डोस वाढवत होते. काही बोलले नाहीत, मीही नाही.

९ ऑक्टोबर

रायगडहून विंचूदंश. सहा वर्षांचा मुलगा, अठरा किलो. घाम, गार हातपाय, नाडी पळतेय, फुप्फुसात पाणी सुरू. रुग्णवाहिका घाटात असतानाच 'वाटेत असलेलं मूल' उघडलं, हृदयाला जोर देणाऱ्या डोब्युटामिनचं पत्रक छापून ठेवलं, पंप भरून तयार.

विंचवाच्या बाबतीत प्रेझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) किती वाजता दिलं यावर सगळं फिरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते रुळवल्यापासून कोकणातल्या प्राथमिक केंद्रांतही ते देतात : किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तीन तासांनी पुन्हा. केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दंशाची वेळ, पहिल्या डोसची वेळ, विषावरचं सिरम दिल्याची वेळ, सगळं नीट लिहिलं होतं. ती चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली आणि सॉफ्टवेअरमध्ये 'जोडलेला दस्तऐवज' बनून बसली. औषधांच्या पानावर प्रेझोसिन दिल्याचं कुठेच नाही. पुढचा डोस कधी, हे संगणकाला ठाऊक नाही. निवासी डॉक्टरने फोटो मोठा करून वाचलं म्हणून आम्हाला ठाऊक.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डोस ५४० मायक्रोग्रॅम, म्हणजे साध्या १ मिलिग्रॅम गोळीची साधारण अर्धी. मास्टर यादीत 'प्रेझोसिन' टाइप केलं की वर येते सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी, कारण मोठ्यांच्या रक्तदाबासाठी तीच जास्त खपते. यादी खपाप्रमाणे लावलेली. ती गोळी अर्धी करायची नसते आणि विंचवाला उपयोगाचीही नाही. सिस्टरने फार्मसीतून आलेलं पाकीट बघून परत पाठवलं.

आजच बदललं : पीआयसीयूच्या यादीत एक्सएल दिसणारच नाही. आणि 'बाहेर दिलेली औषधं' असा स्वतंत्र रकाना, वेळेसह, दाखल करतानाच भरायचा. पुढच्या डोसची वेळ त्यावरून मोजायची. विंचू, साप आणि फिट्स, तिन्हींना हाच लागतो.

मुलगा रात्री सावरला.

२१ ऑक्टोबर

सेप्सिसची बैठक झाली. अखेर निर्णय असा : कंपनीचं अंदाज-मॉडेल पीआयसीयूत बंद. फिनिक्स गुण रोज पहाटे मागच्या बाजूला मोजले जातील, कुणाला इशारा जाणार नाही. दर महिन्याच्या ऑडिटला वापरू. डेंग्यूचं पान सुरू झालंय, आणि ते सगळ्यात जास्त उघडलं जातंय असं आयटी म्हणते.

वैद्यकीय अधीक्षकांनी विचारलं, "मग एआय कधी?" मॉडेल मुलांवर शिकलेलं असेल, नीतिमत्ता समितीने मान्य केलेलं असेल आणि आमच्या नोंदींवर तीन महिने गुपचूप चालवून तपासलेलं असेल, तेव्हा. त्यांनी हे इतिवृत्तात लिहून घेतलं.

राहिलेली कामं : लॉगिनची कार्डं, नवजातांचं पातळ द्रावण, एनआयसीयूशी बोलणं अजून झालेलं नाही, तीन नंबरच्या व्हेंटिलेटरचं घड्याळ पुन्हा चार मिनिटं मागे पडलंय, बहुतेक आतली बॅटरी. बायोमेडिकलला फोन केला, उद्या सकाळी येतो म्हणाला.